तोलाल, तर द्याल काय?

सरकारी कचेरीत नव्याने रुजू झालेल्या माणसाला ‘वजन’ या शब्दाचे सगळे अर्थ फार लवकर कळतात. अमक्याचे वरपर्यंत वजन आहे, तमक्याची फाईल वजन ठेवल्याशिवाय हलत नाही, आणि बदल्यांच्या मोसमात तर कोणाचे वजन किती याखेरीज दुसरी चर्चाच नसते. मध्य प्रदेश शासनाच्या सांख्यिकी शाखेत अडतीस वर्षे काढून आम्ही २०२२ साली निवृत्त झालो, तोवर हे सारे अर्थ कानांवरून जाऊन गुळगुळीत झाले होते. आम्हांला खरोखर विचारात पाडणारे वजन मात्र साधे, किलो-ग्रॅममधले होते. नोकरीतील नऊ वर्षे आम्ही महिला व बालविकास खात्यात प्रतिनियुक्तीवर होतो. त्या काळात दर महिन्याला जिल्ह्यातील प्रत्येक अंगणवाडीतील प्रत्येक मुलाचे वजन, बेरजा होऊन, आमच्या टेबलावर येत असे. ते पाहता पाहता एक प्रश्न मनात घर करून बसला, तो अद्याप उठलेला नाही. मुलाचे वजन हा विषय कोणाचा? ज्यांनी त्याला जन्म दिला त्यांचा, की ज्यांनी त्याची नोंद केली त्यांचा?

आमचे घराणे शिंद्यांच्या फौजेमागोमाग ग्वाल्हेरच्या लष्करात आले आणि येथेच रुजले. आमच्या आजीच्या राज्यात तान्ह्या मुलाचे वजन करण्याची पद्धत नव्हती. दारात उभ्या राहून कोणी ‘बाळ अंगाने छान भरलाय हो’ म्हटले, की त्या बाईची पाठ वळताच आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकी. बाळाची प्रकृती तिला कडदोऱ्यावरून कळे, पायातले वाळे घट्ट झाले की ढिले यावरून कळे, तेल लावताना मांडीला पडणाऱ्या वळ्यांवरून कळे. मुलाला तराजूत घालण्याचा प्रसंग एकच, तो नवसाच्या तुलेचा. मोठ्या दुखण्यातून मूल उठले की देवळात त्याला एका पारड्यात बसवावयाचे, दुसऱ्यात गूळ घालावयाचा, आणि पारडी सम झाली की तो गूळ वाटून टाकावयाचा. म्हणजे मुलाला तोलणे याचा अर्थ, जितके भरेल तितके कोणाच्या तरी पदरात घालणे. नुसते तोलून आकडा वहीत मांडून ठेवण्यात काय हशील आहे, हे आजीला कोणी समजावू शकले नसते.

तथापि आईबापांच्या अधिकारात राज्यसत्तेने हात घालणे ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही. बडोद्याच्या वाचकांना तर ती घरचीच. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व संस्थानाला लागू केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होई. त्याआधी १९०४ साली बालविवाहाला प्रतिबंध करणारा कायदाही त्यांनी केला होता. मुलगा शाळेत गेला तर गुरे कोणी राखावयाची, हा बापाचा सवाल खोटा नव्हता. मुलीचे लग्न कधी करावयाचे ते आम्ही ठरवू, हा सूरही त्या काळच्या रीतीला धरूनच होता. तरी महाराजांचे पाऊल योग्य होते असे आज आपण एकमुखाने म्हणतो, आणि त्याचे कारण पाहण्याजोगे आहे. त्यांनी सक्ती केली, पण सक्तीच्या आधी शाळा उघडली, फी घेतली नाही आणि पुढे गावोगाव ग्रंथालयेही नेली. राज्याने घरात हात घातला तेव्हा तो हात रिकामा नव्हता.

मूल ही आईबापांची मालमत्ता नव्हे, हे आम्ही मानतो. पण ते सरकारचीही मालमत्ता नव्हे. या दोन वाक्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवरून जे काही करावयाचे ते करावे लागते, आणि वजनाचा काटा नेमका याच वाटेवर टांगलेला आहे.

स्वतंत्र भारतात हा काटा टांगला गेला तो एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून ती सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने ती देशातील सर्व बालकांपर्यंत नेण्यास सांगितले, आणि आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. दर महिन्याला वजन का करावयाचे, यामागचे शास्त्र सोपे आणि भक्कम आहे. मूल डोळ्यांना रोगट दिसू लागण्याच्या कितीतरी आधी त्याचे वजन वाढावयाचे थांबते. एका दिवसाचे वजन फारसे काही सांगत नाही. महिन्यामहिन्याचे टिंब मांडून ती जोडली, की रेघ वर चालली आहे, आडवी पडली आहे की खाली उतरते आहे, हे अक्षरशत्रू आईलाही दिसते.

या कल्पनेमागे डॉ. डेव्हिड मॉर्ले या इंग्रज बालवैद्याची मेहनत मोठी आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पश्चिम आफ्रिकेतील नायजेरियात काम करीत होते. तेथे त्यांनी ‘आरोग्याची वाट’ दाखविणारे वजनाचे कार्ड रूढ केले. त्यांच्या रचनेत आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट: ते कार्ड दवाखान्यात राहत नसे, आईजवळ राही. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती ते घरी नेई आणि पुढल्या खेपेस परत आणी. आया ते नीट जपतात, असाच त्यांचा अनुभव होता. मुलाची रेघ आईच्या हाती राहावी आणि डॉक्टराने ती तिच्यासमोर पुढे काढावी, अशी ही कल्पना.

आपल्याकडे तीच रेघ आली, पण ती अंगणवाडीच्या वहीत आली आणि वही कपाटात गेली. आईजवळ राहणारे माता-बाल संरक्षण कार्ड २०१० च्या सुमारास देशभर आले. तोवर आमच्या खात्याची पस्तीस वर्षे वहीवर निघाली होती. ती वहीही मध्यंतरी बदलली. पूर्वी मुलगे आणि मुली यांना एकच तक्ता असे, आणि वजन प्रमाणापेक्षा किती टक्के कमी यावरून पहिली ते चौथी अशा श्रेणी पाडल्या जात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली नवी मानके जाहीर केली. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांच्या मोजमापांवर ती आधारलेली होती. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. पोटभर अन्न, स्वच्छ पाणी आणि आईचे दूध मिळाले, तर पहिल्या पाच वर्षांत कोणत्याही देशाचे मूल जवळपास सारखेच वाढते, असे त्यातून दिसले. ‘आपली माणसे मुळातच किरकोळ’ हे पांघरूण त्यामुळे निघाले. २००८ पासून आपण ती मानके अंगणवाडीत आणली. मुलांचा तक्ता वेगळा झाला, मुलींचा वेगळा झाला आणि श्रेणींच्या जागी हिरवा, पिवळा, नारिंगी हे पट्टे आले. काही मुलांचा वर्ग त्या महिन्यात बदलला. मूल तेच, आई तीच, फक्त वही नवी. आईला हे कोणी सांगितल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आता या वहीतील आकड्यांविषयी, कारण तो आमचा धंदा. त्या वेळचा अंगणवाडीतील काटा म्हणजे सॉल्टरचा, छताच्या कडीला टांगावयाचा, पंचवीस किलोंचा. त्याला चड्डीच्या आकाराची झोळी. तीत मुलाला घालून सोडले की ते हातपाय झाडून आकांत करते, सुई नाचू लागते आणि सेविका एका नजरेत आकडा पकडते. शंभर-शंभर ग्रॅमच्या रेघांतून खरा आकडा पकडणे हे कसबाचे काम आहे. आमच्या तक्त्यांत मात्र निम्म्याहून अधिक वजने पूर्ण किंवा साडेच्या आकड्यावर येऊन थांबलेली दिसत. काही केंद्रांत प्रत्येक मूल दर महिन्याला बरोबर दोनशे ग्रॅमने वाढे. श्रावणात जुलाबाची साथ असो की चैत्रात घरदार मजुरीला परगावी गेलेले असो, दोनशे ग्रॅम ठरलेले. मुले अशी वाढत नाहीत, वह्या अशा वाढतात.

यात सेविकेला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. तुटपुंज्या मानधनावर ती डझनभर वह्या सांभाळते. नारिंगी पट्ट्यातील मुले वाढली की पर्यवेक्षिका तिला जाब विचारते, पर्यवेक्षिकेला प्रकल्प अधिकारी विचारतो, आणि प्रकल्प अधिकाऱ्याची मासिक बैठकीत शोभा होते. वाईट आकडा आणणाऱ्यालाच जेथे शिक्षा, तेथे आकडे आपोआप गोजिरवाणे होतात. महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. २००१ सालच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालात डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की प्रत्यक्षातील बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी अधिक आहेत. पुढे २००५ साली औरंगाबादेत राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभे राहिले. सगळ्या मुलांची वजने घ्या, ती खरी लिहा, आकडा वाढला तरी घाबरू नका, असा आग्रह तेथे धरावा लागला. वजन करा असे सांगणे सोपे असते. खरे वजन लिहिले तर चालेल, असे सांगावयाला धैर्य लागते.

वजनांच्या पडताळणीसाठी आम्ही एकदा श्योपूर जिल्ह्यातील कराहल भागात सहरियांच्या एका वस्तीवर गेलो होतो. सहरियांच्या वस्तीला तिकडे सहराना म्हणतात. तेथे एक तरुण आई मूल काखेत घट्ट धरून उभी होती, काही केल्या झोळीत घालू देईना. ‘हिला समजत नाही साहेब, दृष्ट लागेल म्हणते,’ असे सेविका म्हणाली. आम्हांला आजी आठवली. त्या बाईला आम्ही विचारले, तेव्हा तिने दृष्टीचा विषयच काढला नाही. तिने आम्हांलाच विचारले, ‘तौलोगे तो दोगे का?’ तोलाल, तर द्याल काय? मागल्या महिन्यात तोलले, त्याच्या मागल्या महिन्यात तोलले, शिध्याचे पाकीट दोन्ही महिने आले नाही, आणि मूल किती भरले हेही कोणी सांगितले नाही, असे तिचे म्हणणे. अखेर तिने अट घातली. मुलाला झोळीत ती स्वतः घालील, आणि आकडा आम्ही मोठ्याने वाचून दाखवावा. त्याप्रमाणे झाले. मागचा आकडा किती होता, हे तिने लगेच विचारले. वही उघडली, दोन्ही आकडे वाचले, मधला फरक तिने बोटांवर मोजला, आणि मूल उचलून ती चालू लागली. आमच्या तपासणीच्या नमुन्यात रकाने पुष्कळ होते, तिच्या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

तिचा प्रश्न किती शास्त्रशुद्ध होता, हे आम्हांला आमच्याच शास्त्रातून उमगत गेले. देशातील किंवा राज्यातील किती मुले कमी वजनाची आहेत, एवढेच सरकारला जाणून घ्यावयाचे असेल, तर प्रत्येक मुलाला काट्यावर टांगण्याची मुळीच गरज नाही. नमुना पाहणी त्याला पुरते. राष्ट्रीय कुटुंब स्वास्थ्य पाहणीने थोड्या निवडक घरांवरून सांगितले, की मध्य प्रदेशात पाच वर्षांखालील कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण २००५-०६ साली ६० टक्के होते, २०१५-१६ मध्ये ते ४२.८ टक्के झाले आणि २०१९-२१ मध्ये ३३ टक्क्यांवर आले. हे आकडे आमच्या अंगणवाडीच्या वह्यांतून निघालेले नाहीत. मग प्रत्येक मूल, दर महिन्याला, का तोलावयाचे? त्याचे एकच समर्थन होऊ शकते: ज्याला तोलले, त्याला स्वतःला त्यातून काही मिळावे म्हणून. शिधा मिळावा, औषध मिळावे, निदान त्याच्या आईला धड माहिती मिळावी. ते देता येत नसेल, तर त्या मुलाला झोळीत रडवण्याचा अधिकार कोणालाही पोचत नाही.

यावर कोणी म्हणेल, आईबापांनी नकार देण्याचा हक्क इतका ताणला, तर मरणाच्या दारातील मुलाचे काय? हा आक्षेप वजनदार आहे. दंडाच्या घेराची पट्टी ११.५ सेंटिमीटरच्या खाली, लाल भागात गेली, की ते मूल तीव्र कुपोषित समजावे. धडधाकट मुलाच्या मानाने त्याच्या मरणाचा धोका कित्येक पट असतो. अशा मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे आहेत. आमच्या राज्यात आईने मुलासह तेथे बहुधा चौदा दिवस राहावयाचे असते. साखर-तेल घातलेले खास दूध मोजून पाजतात, रोज वजन होते, आणि मुले खरोखर सुधारतात. आम्ही ती सुधारताना पाहिली आहेत. तरीही पुष्कळ आया जावयास तयार नसत, आणि गेलेल्यांतल्या काही चौथ्या-पाचव्या दिवशी मूल घेऊन निघून येत. कचेरीच्या भाषेत याला ‘पालकांची अनास्था’ असा शब्द होता. प्रत्यक्ष विचारले, तर अनास्था कोठेच सापडत नसे. घरी आणखी दोन लेकरे, त्यांना भाकर कोण देणार? कापणीचे दिवस, पंधरा दिवसांची मजुरी बुडाली तर वर्षाचे धान्य कोठून येणार? बुडालेल्या मजुरीचा मोबदला केंद्रात देतात, पण तो मजुरीला पुरत नाही आणि वेळेवर हाती पडतोच असे नाही. ती बाई एका मुलाच्या जिवाचा आणि दोघांच्या पोटाचा हिशेब मांडत होती. असला हिशेब आमच्या कोणत्याही तक्त्यात आम्हांला मांडावा लागला नाही, हे आमचे भाग्य.

जीव जाण्याची वेळ आलेल्या मुलाला वाचविण्यासाठी सरकारने आग्रह धरावा, दहा वेळा दारात जावे, गावातील वडीलधाऱ्यांना मध्ये घालावे, हे आम्हांला मान्य आहे. पण त्या आग्रहाची किंमतही सरकारनेच भरली पाहिजे. घरच्या दोन लेकरांची सोय आणि मजुरीचे पैसे ही औषधाइतकीच औषधे आहेत. डिसेंबर २०१७ मध्ये मध्य प्रदेश सरकारने सहरिया, बैगा आणि भारिया या तीन जमातींच्या कुटुंबांतील स्त्रियांच्या खात्यावर आहारासाठी दरमहा १,००० रुपये जमा करण्यास आरंभ केला. २०२३ मध्ये ही रक्कम १,५०० झाली. तिच्या पुरेपणाविषयी मतभेद होतील, वाटपात खोटही निघेल. परंतु त्यामागचा विचार आम्हांला कोणत्याही काट्यापेक्षा मोठा वाटतो. आईला तोलण्याऐवजी तिच्यावर विश्वास टाकावा, ही बुद्धी सरकारला झाली.

एवढे लिहून थांबलो असतो. परंतु हा प्रश्न केवळ गरिबाच्या झोपडीचा आहे असे कोणी समजू नये. काटा दुसऱ्या टोकाकडूनही आपल्या घरांत शिरला आहे. आमची कन्या इंग्लंडात असते. २००५-०६ या शालेय वर्षापासून त्या देशात शाळेच्या पहिल्या वर्गातील चार-पाच वर्षांच्या आणि प्राथमिक शाळेच्या अखेरच्या वर्गातील दहा-अकरा वर्षांच्या मुलांची उंची व वजन सरकारतर्फे मोजतात. तेथे चिंता वजन वाढण्याची. आमच्या नातीचे असे मोजमाप झाले, आणि काही आठवड्यांनी घरी पत्र आले, की वय आणि उंची यांच्या मानाने मुलीचे वजन अधिक आहे. मुलीला ते दाखविले नव्हते, पण वर्गातील मैत्रिणींनी आपापल्या घरच्या पत्रांची वाटाघाट केलीच. तेव्हापासून पोर ताटातील अर्धी पोळी बाजूला सारू लागली. आमच्या सौभाग्यवतीने फोनवर विचारले, ‘माझ्या नातीला तोलणारे ते कोण?’ आणि लेक आम्हांला म्हणाली, ‘बाबा, तुम्ही तर वर्षानुवर्षे हेच बघितलंत. आता सांगा, हे पत्र ठेवू की फाडू?’

आम्ही तिला दोनच गोष्टी विचारल्या. मोजण्यापूर्वी तुला विचारले होते काय? आणि मोजल्यावर काय दिले? पहिलीचे उत्तर समाधानकारक होते. आधी पत्र आले होते, नको असल्यास मुलीला वगळता आले असते. दुसरीचे उत्तर, शाळेच्या परिचारिकेचा दूरध्वनी क्रमांक आणि खाण्याखेळण्याविषयी चार सूचना. आम्ही म्हणालो, ‘पत्र फाडू नकोस, आणि तिच्यासमोर त्याचा उच्चारही करू नकोस. तो आकडा तुझ्यासाठी आहे, तिच्यासाठी नाही. संध्याकाळी तिच्याबरोबर चालायला जात जा, आणि स्वयंपाक सगळ्या घरासाठी बदल, तिच्या एकटीसाठी नको.’

अशा पत्रांचा अनुभव अमेरिकेलाही आहे. आर्कान्सा राज्याने २००३ साली कायदा करून शाळकरी मुलांची मोजमापे घरी कळविण्यास आरंभ केला. पालकांची नाराजी वाढली, तेव्हा २००७ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मोजणी एकाआड एक इयत्तेत होऊ लागली आणि लेखी नकार देण्याची मुभा मिळाली. पुढे कॅलिफोर्नियातील ७९ शाळांत सुमारे २८ हजार मुलांवर पद्धतशीर प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला तो असा, की घरी पत्र पाठविल्याने मुलांच्या वजनात काही फरक पडला नाही. उलट शाळेत वजन केलेल्या मुलांत स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी मात्र वाढली. आकडा कळविणे म्हणजे मदत करणे नव्हे, हे आमच्या कराहलच्या बाईला कोणत्याही प्रयोगाविना ठाऊक होते. टोकाचे उदाहरणही त्या गोऱ्या देशांतच आहे. इंग्लंडच्या वेस्ट ससेक्स भागातील न्यायालयाने वजनाच्या कारणावरून दोन किशोरवयीन मुलांना आईबापांपासून काढून पालनकर्त्या कुटुंबाकडे ठेवण्याचा आदेश दिल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कुटुंब प्रेमळ आहे, हे न्यायाधीशांनी स्वतःच मान्य केले होते. आपल्या देशात लठ्ठ बालकांचे प्रमाण अद्याप लहान आहे, पाच वर्षांखालील मुलांत ३.४ टक्के. पण ते वाढते आहे, आणि इंदूर, बडोदा, हैदराबाद येथील आपल्या वर्गातच ते अधिक दिसेल. तेव्हा ही पत्रे आपल्याही दारात कधीतरी येतील, हे धरून चालावे.

या दोन आयांमधील अंतर आम्हांला अस्वस्थ करते. इंग्लंडातील आमच्या लेकीला ‘नको’ म्हणण्याचा छापील हक्क आहे. कराहलच्या बाईने ‘नको’ म्हटले, तर ती अडाणी. नकार तोच, पण एकीचा तो हक्क आणि दुसरीचे ते अज्ञान, असे ठरवणारे आम्ही कोण?

आता वही मोबाइलमध्ये गेली आहे. मार्च २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’वर मुलांची वजने चढतात, आणि २०२५ पासून घरी न्यावयाच्या शिध्यासाठी लाभार्थी स्त्रीचा चेहरा मोबाइलच्या कॅमेऱ्याने पडताळून पाहतात. बनावट नावे गळावीत हा हेतू योग्य आहे. सांख्यिकीवाल्या माणसाला अशा यंत्रणेचे कौतुकही वाटते. पण जंगलातील वस्तीवर नेटवर्क नसले, चेहरा जुळला नाही आणि पाकीट मिळाले नाही, तर काय व्हावे, याचे उत्तर यंत्र देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या कायद्याने मुलांची माहिती वापरताना आईबापांची संमती मागितली, मात्र सरकारी लाभ देण्याच्या कामी शासनाला त्यात बरीच मोकळीक ठेवली. लाभाच्या नावाखाली ही मोकळीक असेल, तर लाभ वेळेवर पोचणे ही तिची पहिली अट असावी.

अडतीस वर्षांच्या चाकरीतून आमच्या हाती आलेला हिशेब थोडक्यात मांडतो. सरकारने मुलाला जरूर तोलावे, पण तोलण्यापूर्वी आईला विचारावे. आकडा पहिल्यांदा तिच्या कानांवर घालावा, मग वहीत लिहावा. मागचा आकडा तिच्याजवळ असावा. खरे वजन लिहिणाऱ्या सेविकेला शाबासकी मिळावी. आणि कमी भरले किंवा जास्त भरले, तर पुढच्या महिन्याच्या आत त्या घरात काही तरी पोचावे. यात कायद्याचे फारसे काम नाही, बहुतेक काम माणुसकीचे आणि वक्तशीरपणाचे आहे.

आईबापांकडेही एक बाजू उरते. हक्क हा राखण्यासाठी असतो, तसा वापरण्यासाठीही असतो. आपल्यापैकी किती जणांच्या घरी नातवंडांचे कार्ड आहे, आणि ते शेवटचे कधी उघडले? सहरियांच्या वस्तीवर आम्ही ते कार्ड शिधापत्रिकेबरोबर, पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळलेले पाहिले आहे. पेटीची मालकीण निरक्षर होती, तरी रेघ कोठवर आली आहे हे तिने बोट ठेवून दाखविले.